‘व्हेरी एक्झॉस्टेड’ कुठे चुकतं? इंग्रजीतली साधी आणि टोकाची विशेषणं

एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा: “मी थोडासा ओलाचिंब झालो.” आता हे दुसरं: “आजचे ढग कालच्यापेक्षा कमी काळेकुट्ट आहेत.” जीभ अडखळली ना? व्याकरणाचा कुठलाही नियम आठवायच्या आधीच कानाने सांगितलं की काहीतरी बिनसलंय. ‘चिंब’ म्हटलं की भिजायचं काही बाकी राहत नाही, मग ‘थोडासा’ बसणार कुठे? ‘कुट्ट’ म्हटलं की काळेपणा शेवटच्या पायरीवर पोहोचला, त्याच्यापुढे पायरीच नाही.

‘आय ॲम व्हेरी एक्झॉस्टेड’ हे वाक्य इंग्रजी कानाला जवळपास तसंच खटकतं. ‘एक्झॉस्टेड’ म्हणजे थकून पार गळून गेलेला. ‘व्हेरी’ त्याच्या पोटातच आहे, तो पुन्हा बाहेरून लावायची गरज नाही.

मी बरीच वर्षं हा विषय दोन रकाने आखून शिकवला. डावीकडे ‘बिग’, उजवीकडे ‘ह्यूज’. डावीकडे ‘कोल्ड’, उजवीकडे ‘फ्रीझिंग’. विद्यार्थी यादी पाठ करायचे, परीक्षेत बिनचूक लिहायचे आणि बोलायला लागले की पुन्हा ‘व्हेरी ह्यूज’. मग एकदा मराठीतून सुरुवात करून पाहिली, काळ्याकुट्टापासून आणि ओल्याचिंबापासून. तेव्हापासून मला मनापासून वाटतं की मराठी माणसाला हा धडा नव्याने शिकायची गरजच नाही. नियम त्याच्या कानात लहानपणापासून आहे. तो इंग्रजीकडे वळवायचा, एवढंच काम आहे.

पहिली पायरी: विशेषणाची जात ओळखा

शाळेच्या व्याकरणात ‘तरतमभाव’ शिकलेला आठवतो? लघु, लघुतर, लघुतम. ज्या गुणाला असं कमी-जास्त करता येतं, त्याचं विशेषण हे साधं विशेषण. ‘बिग’, ‘कोल्ड’, ‘टायर्ड’, ‘अँग्री’, ‘डर्टी’, ‘इंटरेस्टिंग’ ही सगळी साधी. ती शिडीसारखी असतात. कुणी पहिल्या पायरीवर असतो, कुणी पाचव्या. म्हणून ‘अ बिट टायर्ड’, ‘फेअरली टायर्ड’, ‘व्हेरी टायर्ड’, ‘एक्स्ट्रीमली टायर्ड’ असं चढत जाता येतं.

टोकाचं विशेषण त्याच शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसलेलं असतं. ‘ह्यूज’, ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’, ‘फ्यूरियस’, ‘फिल्दी’, ‘फॅसिनेटिंग’. आपला काळाकुट्ट, कोरडाठाक, लालभडक याच जातीचे.

तिसरी जात वेगळी आहे आणि पुष्कळदा दुसरीत मिसळली जाते. तिला शिडीच नसते, उंबरठा असतो. माणूस एकतर अलीकडे असतो, नाहीतर पलीकडे. ‘डेड’, ‘मॅरीड’, ‘एम्प्टी’, ‘इम्पॉसिबल’, ‘आयडेंटिकल’, ‘युनीक’. मेलेला माणूस ‘खूप’ मेलेला नसतो. हिला आपण उंबरठ्याची विशेषणं म्हणू.

चौथी जात फक्त प्रकार सांगते: ‘वुडन’, ‘ॲन्युअल’, ‘डिजिटल’, ‘मेडिकल’. लाकडी टेबल ‘खूप लाकडी’ नसतं. इथे चूक फारशी होत नाही, म्हणून तिला इथेच सोडू.

दुसरी पायरी: शंका आली तर तीन शब्द लावून बघा

समोर नवं विशेषण आलं आणि ते साधं की टोकाचं हे कळेना, तर त्याला ‘टू’, ‘इनफ’ आणि ‘मोअर’ किंवा शेवटी ‘-अर’ लावून बघा. ‘टू हॉट’, ‘हॉट इनफ’, ‘हॉटर’ हे तिन्ही चालतं, म्हणून ‘हॉट’ साधं. ‘टू बॉइलिंग’, ‘बॉइलिंग इनफ’, ‘मोअर बॉइलिंग’ हे हवेबद्दल बोलताना कुणी म्हणत नाही, म्हणून ‘बॉइलिंग’ टोकाचं. कारण उघड आहे. ‘टू’ म्हणजे हव्या त्या मर्यादेच्या पुढे, ‘इनफ’ म्हणजे मर्यादेपर्यंत पुरेसं, आणि ‘-अर’ म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरची पायरी. तिन्हींना मोजपट्टी लागते. टोकाच्या शब्दाने मोजपट्टी बाजूला ठेवलेली असते.

टोकाचं आणि उंबरठ्याचं यांतला फरक ओळखायला ‘ऑलमोस्ट’ कामी येतो. ‘ऑलमोस्ट एम्प्टी’ छान जमतं: डबा जवळजवळ रिकामा. ‘निअर्ली इम्पॉसिबल’सुद्धा. उंबरठा असला की त्याच्या जवळ पोहोचता येतं. पण ‘ऑलमोस्ट ह्यूज’ म्हणून पाहा. “जवळजवळ अवाढव्य” म्हणजे नक्की केवढं? अर्थच लागत नाही. ‘हाफ’चंही तसंच. ‘हाफ एम्प्टी’ होतं, ‘हाफ एनॉर्मस’ होत नाही.

काही शब्दांचे पाय दोन्हीकडे असतात. ‘ब्यूटिफुल’ला ‘व्हेरी’ही चालतो आणि ‘ॲब्सोल्यूटली’ही. ‘शुअर’चंही तसंच. उलट ‘डिलिशस’ला आपण सर्रास ‘व्हेरी’ लावतो, पण तो टोकाचा शब्द आहे. ‘टेस्टी’ला ‘व्हेरी’ लावा, ‘डिलिशस’ला ‘ॲब्सोल्यूटली’. ही एक सवय बदलली तरी बोलण्यात फरक जाणवतो.

तिसरी पायरी: जोडीदार क्रियाविशेषण निवडा

खरी चूक इथे होते, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं.

साध्या विशेषणांचे जोडीदार: ‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘फेअरली’, ‘रादर’, ‘व्हेरी’, ‘एक्स्ट्रीमली’. हे सगळे पायरी सांगतात.

टोकाच्या विशेषणांचा हक्काचा जोडीदार ‘ॲब्सोल्यूटली’. ‘ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग’, ‘ॲब्सोल्यूटली ह्यूज’, ‘ॲब्सोल्यूटली हिलेरियस’. मराठीतला ‘अगदी’ किंवा ‘पार’ जे करतो तेच तो करतो: “विहीर पार कोरडीठाक पडली.” इथे ‘पार’ कोरडेपणा वाढवत नाही. जे म्हटलं ते पुरतं खरं आहे, अशी ग्वाही देतो. ‘ॲब्सोल्यूटली’चंही काम ग्वाही देण्याचं आहे, वाढवण्याचं नाही. म्हणूनच ‘ॲब्सोल्यूटली टायर्ड’ किंवा ‘ॲब्सोल्यूटली कोल्ड’ जमत नाही. साध्या शब्दात ग्वाही देण्यासारखं टोकच नसतं.

‘कम्प्लीटली’ आणि ‘एन्टायरली’ यांना मात्र उंबरठा जास्त आवडतो. ‘कम्प्लीटली एम्प्टी’, ‘कम्प्लीटली राँग’, ‘एन्टायरली डिफरंट’. शब्दांतच कारण आहे: ‘पूर्ण’ म्हणायला काहीतरी पूर्ण होणारं लागतं. रिकामं होणं पूर्ण होतं, भिजणं पूर्ण होतं, थकणंही पूर्ण होतं, म्हणून ‘कम्प्लीटली सोक्ट’ आणि ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’ चालतं. मोठं होणं कधी पूर्ण होत नाही, म्हणून ‘कम्प्लीटली ह्यूज’ खटकतं. ‘अटर्ली’ बहुतेक वेळा वाईट गोष्टींच्या सोबतीला असतो: ‘अटर्ली रिडिक्युलस’, ‘अटर्ली मिझरेबल’. ‘बिटरली’ थंडीला आणि निराशेला जोडून येतो: ‘बिटरली कोल्ड’, ‘बिटरली डिसअपॉइंटेड’.

आता सगळ्यांत उपयोगी शब्द: ‘रिअली’. तो दोन्ही जातींना चालतो. ‘रिअली टायर्ड’ बरोबर, ‘रिअली एक्झॉस्टेड’ही बरोबर. बोलताना विचार करायला वेळ नसेल तर बिनधास्त ‘रिअली’ वापरा, चुकणार नाही. बोलण्यात ‘सो’सुद्धा बहुतेक ठिकाणी खपून जातो. ‘आय ॲम सो एक्झॉस्टेड’ तुम्हाला रोज ऐकू येईल.

यात एक गंमत आहे. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दातून आला. ‘रिअली’ही ‘खरोखर’च. म्हणजे ज्या कामासाठी आज ‘रिअली’ धावतो, त्याच कामाला कधीकाळी ‘व्हेरी’ होता. वापरून वापरून त्यातला खरेपणा झिजला आणि नुसता ‘खूप’ उरला.

‘क्वाइट’ने भल्याभल्यांना फसवलं आहे. साध्या विशेषणाआधी आला तर ब्रिटिश बोलीत तो ‘बऱ्यापैकी’ एवढंच सांगतो: ‘क्वाइट गुड’ म्हणजे बरं आहे, ठीक आहे. टोकाच्या किंवा उंबरठ्याच्या शब्दाआधी आला की तोच ‘अगदी’ होतो: ‘क्वाइट ब्रिलियंट’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’. अमेरिकन बोलीत ‘क्वाइट गुड’ बहुधा कौतुकच असतं. तेव्हा तुमच्या कामाला कुणी ‘क्वाइट गुड’ म्हटलं, तर म्हणणारा कुठला आहे ते आधी बघा. आणि स्वतः कुणाचं मनापासून कौतुक करायचं असेल तर हा शब्द टाळा. सरळ ‘रिअली गुड’ किंवा ‘एक्सलंट’ म्हणा.

‘प्रिटी’ मूळचा साध्या विशेषणांचा, पण अनौपचारिक बोलण्यात ‘प्रिटी अमेझिंग’, ‘प्रिटी ऑफुल’ असं चालतं. ‘फेअरली’ला मात्र तेवढी मोकळीक नाही.

चौथी पायरी: जोड्या मराठी चित्रासकट लक्षात ठेवा

‘ह्यूज म्हणजे व्हेरी बिग’ असं पाठ करू नका. तसं केलं की बोलताना आधी ‘व्हेरी बिग’ आठवतं, मग ‘ह्यूज’, आणि घाईत दोन्ही मिसळून ‘व्हेरी ह्यूज’ तोंडातून निघतं. ‘ह्यूज’ म्हणजे अवाढव्य, भलंमोठं. ‘टाइनी’ म्हणजे इवलंसं. इंग्रजी शब्दाला मराठी चित्र चिकटवा.

थकव्याच्या शिडीच्या टोकाला ‘एक्झॉस्टेड’: थकून चूर. भुकेच्या टोकाला ‘स्टार्व्हिंग’: भुकेने कासावीस. रागाच्या टोकाला ‘फ्यूरियस’: संतापाने लालबुंद. भीतीच्या टोकाला ‘टेरिफाइड’: गर्भगळित. आश्चर्याच्या टोकाला ‘ॲस्टॉनिश्ड’: थक्क. ‘डर्टी’ मळलेलं, ‘फिल्दी’ गलिच्छ, आणि उलट बाजूला ‘क्लीन’ स्वच्छ तर ‘स्पॉटलेस’ लख्ख. ‘क्राउडेड’ गर्दीचं, ‘पॅक्ट’ खचाखच भरलेलं. ‘वेट’ ओलं, ‘सोक्ट’ ओलंचिंब. ‘फनी’ गमतीदार, ‘हिलेरियस’ पोट धरून हसवणारं. ‘लाउड’ मोठा आवाज, ‘डेफनिंग’ कानठळ्या बसवणारा. यातला शेवटचा तर जवळजवळ शब्दशः आहे: ‘डेफ’ म्हणजे बहिरा, ‘डेफनिंग’ म्हणजे बहिरं करून टाकणारा.

काही शब्दांच्या मुळाशी गेलं की ते विसरणं अशक्य होतं. ‘एक्झॉस्टेड’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘उपसून काढणं’ आहे. माणूस विहिरीसारखा उपसून तळ दिसेपर्यंत रिकामा झाला. ‘एनॉर्मस’मध्ये ‘नॉर्मा’ आहे, म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याच्या मापाबाहेर गेलेलं ते एनॉर्मस. ‘ॲस्टॉनिश्ड’मध्ये मेघगर्जना लपलेली आहे: अंगावर वीज कडाडावी तसा चकित. ‘पेट्रिफाइड’मध्ये दगड आहे, भीतीने जागच्या जागी दगड झालेला. ‘फॅसिनेटिंग’मध्ये जादूटोणा आहे, आपण मोहिनी घालणारं म्हणतो तसंच. ‘डेव्हस्टेटेड’ म्हणजे उद्ध्वस्त. आधी तो प्रदेशांबद्दल वापरला जायचा, आता दुःखाने कोसळलेल्या माणसाबद्दलही.

पाचवी पायरी: काळ्याकुट्टाचे इंग्रजी भाऊ

मला या विषयातला सर्वांत आवडता भाग हा. मराठीत आपण गुणाला एक शेपूट जोडतो: काळा‑कुट्ट, कोरडा‑ठाक, ओला‑चिंब, नवा‑कोरा. इंग्रजी हेच पुढून करतं. ‘पिच ब्लॅक’, ‘बोन ड्राय’, ‘सोकिंग वेट’, ‘ब्रँड न्यू’. ‘पिच’ म्हणजे डांबर, म्हणून डांबरासारखा काळा. ‘बोन’ हाड, हाडासारखं कोरडं. ‘ब्रँड’ म्हणजे जळतं लाकूड, भट्टीतून नुकतीच बाहेर आलेली वस्तू ती ‘ब्रँड न्यू’.

‘फास्ट अस्लीप’मधल्या ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नाही. त्याचा जुना अर्थ घट्ट. झोपेत घट्ट रुतलेला, म्हणजे गाढ झोपलेला. त्याच्या उलट ‘वाइड अवेक’, टक्क जागा. आणि ‘डर्ट चीप’! ‘डर्ट’ म्हणजे माती. आपल्या ‘मातीमोल’ने आणि इंग्रजांच्या ‘डर्ट चीप’ने एकच विचार दोन वेगवेगळ्या जागी केला. मला हे प्रत्येक वेळी नव्याने सुंदर वाटतं.

या जोड्यांचे नियमही आपल्यासारखेच कडक आहेत. शेपटांची अदलाबदल होत नाही. आपण ‘ओलाठाक’ आणि ‘कोरडाचिंब’ म्हणत नाही, तसं ‘बोन वेट’ नाही आणि ‘सोकिंग ड्राय’ नाही. आणि पुढे ‘व्हेरी’ लागत नाही. ‘व्हेरी ब्रँड न्यू’ हे ‘खूप नवंकोरं’इतकंच विचित्र.

पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. ‘थंडगार पाणी’ म्हणताना आपल्याला सुख वाटतं. ‘फ्रीझिंग’ म्हणणारा बहुतेक वेळा कुरकुरत असतो. सुखाच्या थंडगार पेयाला ‘आइस कोल्ड’ म्हणतात. निवून गेलेल्या, म्हणजे गरम असायला हवं होतं आणि गार झालं अशा खाण्या-पिण्याला ‘स्टोन कोल्ड’. तसंच ‘गरमागरम’. हवा ‘बॉइलिंग’ असू शकते, पण चुलीवरून नुकत्या उतरलेल्या जेवणाला ‘पायपिंग हॉट’ म्हणायचं. ‘हिरवागार’ला ‘लश ग्रीन’, ‘पिवळाधमक’ला ‘ब्राइट यलो’.

आणि आकड्यांचा हट्ट धरू नका. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि ० अंशाला गोठतं, पण ‘इट्स बॉइलिंग’ म्हणणाऱ्याच्या खोलीत ३५ अंश असतील आणि ‘इट्स फ्रीझिंग’ म्हणणाऱ्याच्या खोलीत १५. आपण ‘मरणाचा उकाडा’ म्हणतो तेव्हा कुणी मेलेलं नसतं, तसंच हे.

सहावी पायरी: संवादात कोण कुठला शब्द वापरतो ते ऐका

प्रश्न साध्या विशेषणात, उत्तर टोकाच्या. इंग्रजी गप्पांची ही लय एकदा कानात बसली की पुष्कळ काम आपोआप होतं.

‘आर यू टायर्ड?’ ‘आय ॲम एक्झॉस्टेड.’
‘इज इट कोल्ड आउटसाइड?’ ‘इट्स फ्रीझिंग!’
‘वॉज द ट्रेन क्राउडेड?’ ‘इट वॉज ॲब्सोल्यूटली पॅक्ट.’

असं का होतं ते बघा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, म्हणून तो शिडीच्या कुठल्याच पायरीची बाजू न घेता विचारतो. ‘इज इट फ्रीझिंग?’ असं विचारलं, तर कडाक्याची थंडी आधीच गृहीत धरल्यासारखं वाटतं.

दुजोरा देतानाही असंच. समोरच्याने ‘इट्स अ बिग हाउस’ म्हटलं आणि तुम्ही ‘येस, इट्स बिग’ एवढंच म्हणालात, तर इंग्रजी कानाला तो दुजोरा थंड वाटतो, पुढे ‘पण…’ येणार अशी चाहूल लागते. ‘येस, इट्स ह्यूज!’ म्हटलं की दुजोरा मनापासूनचा वाटतो. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरँट्झ यांनी १९८४ मध्ये हेच मांडलं होतं: सहमती दाखवताना माणसं बहुधा एक पायरी वर चढतात, आणि त्याच पायरीवर थांबलेल्या सहमतीमागे पुष्कळदा मतभेद दडलेला असतो. आपणही काही वेगळं करत नाही. “पाणी थंड आहे.” “थंड? अगदी बर्फ!”

सराव करताना ही उत्तरं मोठ्याने म्हणा आणि आवाजाचा जोर टोकाच्या शब्दावर टाका. सपाट आवाजात म्हटलेलं ‘फ्रीझिंग’ ऐकणाऱ्याला पटत नाही.

जिथे हमखास पाय घसरतो

‘टेरिबल’ वाईट, ‘टेरिफाइंग’ भीतिदायक, पण ‘टेरिफिक’ म्हणजे झकास. तिघांचं मूळ एकच, भीती. ‘टेरिफिक’ही आधी भीतिदायकच होता, पुढे पालटला. विचित्र वाटतं का? “मला ते भयंकर आवडलं” असं आपण म्हणतोच की. ‘ऑफुल’ आणि ‘ऑसम’ हेही एकाच मुळाचे, आज अर्थाने एकमेकांच्या विरुद्ध. परीक्षक ‘युअर आन्सर वॉज टेरिफिक’ म्हणाले तर खूश व्हा.

‘-एड’ आणि ‘-इंग’ची गल्लत टोकाच्या शब्दांत जास्त महागात पडते. मी ‘टेरिफाइड’ म्हणजे मी घाबरलो. मी ‘टेरिफाइंग’ म्हणजे लोक मला घाबरतात. ज्याला वाटतं तो ‘-एड’, जे वाटायला लावतं ते ‘-इंग’. ‘द जर्नी वॉज एक्झॉस्टिंग, सो आय वॉज एक्झॉस्टेड.’ या एका वाक्यात दोन्ही आहेत, तेवढं पाठ करा.

विशेषण दोनदा म्हणण्याची आपली सवय. मोठमोठी घरं, गरमगरम चहा. इंग्रजीत ‘बिग बिग हाउसेस’, ‘हॉट हॉट टी’ केलं की लहान मूल बोलतंय असं वाटतं.

आपल्याकडच्या लेखी इंग्रजीत हमखास भेटणारे: ‘व्हेरी इसेन्शियल’, ‘व्हेरी क्रूशल’, ‘व्हेरी एक्सलंट’. पहिल्या दोन्हींऐवजी ‘व्हेरी इम्पॉर्टंट’ किंवा ‘ॲब्सोल्यूटली इसेन्शियल’ लिहा. ‘एक्सलंट’ एकटाच पुरेसा आहे.

‘व्हेरी युनीक’वरून वाद आहे. शैलीबद्दल काटेकोर असणारे तो खोडतात, कारण युनीक म्हणजे एकमेव. बोलणारे तो वापरत राहतात. उंबरठ्याचे शब्द असे अधूनमधून शिडीवर चढतात, आणि हे आजचं नाही: १७८७ मध्ये लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतच ‘मोअर परफेक्ट युनियन’ असे शब्द आहेत. माझं मत असं: ऐकू आलं तर हरकत घेऊ नका, पण परीक्षेत आणि अर्जात स्वतः लिहू नका.

‘स्टार्व्हिंग’बद्दल थोडं जपून. त्याचा जुना अर्थ ‘मरणं’, आजही दुसरा अर्थ उपासमार. मित्रांत ‘आय ॲम स्टार्व्हिंग’ चालतं. खऱ्या उपासमारीची गोष्ट चालू असताना तो शब्द स्वतःच्या भुकेला लावू नये.

कुठे किती

टोकाचे शब्द आवडायला लागले की माणूस प्रत्येक वाक्यात ते पेरतो. बस चुकली तर ‘डेव्हस्टेटेड’, चहा गोड झाला तर ‘हॉरिफिक’. मग खरंच कोसळण्यासारखं काही घडलं की शब्द उरत नाही. गप्पांत आणि गोष्ट सांगताना हात सैल सोडा. ऑफिसच्या ईमेलमध्ये आवरा. तक्रार करताना ‘आय ॲम फ्यूरियस’पेक्षा ‘आय ॲम व्हेरी डिसअपॉइंटेड’चं वजन जास्त पडतं, कारण त्यात तोल दिसतो. शोकसंदेशात ‘डीपली सॅडन्ड’ लिहितात. ‘ॲब्सोल्यूटली’ तिथे नको. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत ज्या ४ निकषांवर गुण मिळतात, त्यांतला एक शब्दसंपत्तीचा आहे. तिथे दर वेळी ‘व्हेरी गुड’ म्हणण्यापेक्षा जागच्या जागी बसलेला एखादा ‘फॅसिनेटिंग’ उपयोगी पडतो. पण जागच्या जागी.

रोजचा सराव

रात्री दिवसातल्या ५ गोष्टी इंग्रजीत लिहा, साध्या विशेषणांनी आणि ‘व्हेरी’नेच. मग प्रत्येक ‘व्हेरी’पाशी थांबून स्वतःला मराठीत विचारा: हे नुसतं खूप होतं, की चिंब, ठाक, कुट्ट होतं? नुसतं खूप असेल तर ‘व्हेरी’ राहू द्या, त्यात काही कमीपणा नाही. टोक गाठलेलं असेल तरच शब्द बदला. नवा शब्द मिळाला की विद्यार्थ्यांसाठी केलेल्या शब्दकोशात त्याची उदाहरणं वाचा. अर्थापेक्षा त्याच्या आधी कुठलं क्रियाविशेषण येतं ते टिपून घ्या.

आता ही सहा वाक्यं तपासा. उत्तरं लगेच खाली आहेत, आधी स्वतः ठरवा.

१. द वॉटर वॉज अ बिट फ्रीझिंग.
२. ही वॉज ॲब्सोल्यूटली अँग्री.
३. द हॉल वॉज ऑलमोस्ट एम्प्टी.
४. धिस बॅग इज नॉट एनॉर्मस इनफ.
५. माय शूज आर व्हेरी ब्रँड न्यू.
६. द फिल्म वॉज रिअली फॅसिनेटिंग.

पहिलं चुकलं: ‘अ बिट कोल्ड’ किंवा ‘फ्रीझिंग’, दोन्ही एकत्र नाही. दुसऱ्यात ‘व्हेरी अँग्री’ किंवा ‘ॲब्सोल्यूटली फ्यूरियस’. तिसरं बरोबर, कारण ‘एम्प्टी’ला उंबरठा आहे. चौथ्यात ‘इनफ’ आलाय, तेव्हा ‘बिग इनफ’. पाचव्यातून ‘व्हेरी’ काढा. सहावं बरोबर, आणि तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ही बसला असता. ‘व्हेरी फॅसिनेटिंग’ मात्र काही इंग्रजी बोलणारेसुद्धा म्हणतात. ऐकलंत तर गोंधळू नका, आपण ‘खूप सुरेख’ म्हणतो तसंच ते: शब्द हळूहळू शिडीवरून एक पायरी खाली उतरतो आहे.